बंद पडलेल्या चित्रपटगृहात ई-स्पोर्ट्सचे प्रेक्षागृह: पडदा, मंच आणि प्रक्षेपण यांची सांगड कशी घालावी?

काटकोन

नमस्कार. मी पुण्यात वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला शिकत आहे. पदवीच्या प्रकल्पासाठी मी पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातले, गेली अनेक वर्षे कुलूपबंद असलेले एकपडदा चित्रपटगृह निवडले असून, तेथे ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या, सामन्यांसाठी प्रेक्षागृह कसे उभारता येईल याचा आराखडा करत आहे. साधारण साडेचारशे प्रेक्षकांनी सामना प्रत्यक्ष बसून पाहावा आणि त्याच वेळी त्याचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपणही व्हावे, अशी अपेक्षा आहे.

दालनाची रुंदी १८ मीटर आहे आणि पडद्यापासून तळमजल्याच्या शेवटच्या रांगेपर्यंतचे अंतर ३० मीटर आहे. पडद्यासमोर जेमतेम ४ मीटर खोलीचा चौथरा आहे. मागे बाल्कनी, तिच्या वर प्रोजेक्टरची खोली आणि डोक्यावर लोखंडी कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर) टाकलेले पत्र्याचे छत आहे. जुन्या खुर्च्या ७२० होत्या.

अभ्यासासाठी मी काही उदाहरणे पाहिली. टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे जुन्या संमेलन केंद्राचे रूपांतर करून २०१८ साली २,५०० प्रेक्षकांचे ई-स्पोर्ट्स स्टेडियम करण्यात आले आणि त्याला सुमारे १ कोटी डॉलर खर्च आला. कॅलिफोर्नियातील बरबँक येथे ब्लिझर्ड या खेळ बनवणाऱ्या कंपनीने २०१७ साली जुन्या दूरचित्रवाणी स्टुडिओत साडेचारशेच्या आसपास आसनांचे दालन केले. दक्षिण कोरियात सोलमधील लोल पार्क या सामन्यांच्या दालनात २०१८पासून सुमारे चारशे प्रेक्षक मंचाला वेढून बसतात. या तिन्ही ठिकाणी तयार इमारतीतच काम झाले, म्हणून मला धीर आला.

आता अडचण अशी आहे की मार्गदर्शक विचारतात, ‘हे नाट्यगृह आहे, स्टुडिओ आहे की स्टेडियम?’ आणि मला उत्तर देता येत नाही. आधी प्रेक्षकांचा विचार करावा की आधी प्रक्षेपणाचा? खेळाडूंना काचेच्या ध्वनिरोधक खोलीत बसवावे की उघड्या मंचावर? पडदा किती मोठा घ्यावा, आणि नियंत्रण कक्षासाठी प्रोजेक्टरची खोली चालेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रकाशझोत

मी मुंबईत थेट प्रक्षेपणाच्या तांत्रिक बाजूला काम करतो. प्रश्न नीट मांडला आहे, परंतु ‘आधी प्रेक्षक की आधी प्रक्षेपण’ ही विभागणीच मला पटत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू एकच असतो आणि तो फलंदाजाला, पंचाला आणि स्टँडमधल्या माणसाला सारखाच दिसतो. येथे तसे नाही. खेळाडूला खेळातल्या नकाशाचा स्वतःच्या वाट्याला आलेला तुकडाच दिसतो, तर प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसतात. म्हणजे दालनातला सर्वांत कमी माहिती असलेला माणूस मंचाच्या मध्यभागी बसतो आणि त्याच्या समोर साडेचारशे जण असे बसतात की ज्यांना पुढच्या वळणावर कोण दबा धरून आहे हे ठाऊक असते. ही माहिती डोळ्यांनी, कानांनी किंवा फोनने त्याच्यापर्यंत पोहोचू न देणे हे मुख्यतः वास्तुरचनेचे काम आहे, आणि तुमच्या मार्गदर्शकांना उत्तर द्यायचे असेल तर तेथून सुरुवात करावी.

याचे चांगले उदाहरण ऑक्टोबर २०१२चे आहे. लॉस एंजेलिस येथे लीग ऑफ लेजेंड्स या संगणकावरील खेळाच्या जागतिक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत अझुबु फ्रॉस्ट या कोरियन संघाच्या खेळाडूने मान वळवून मोठ्या पडद्यावरचा नकाशा पाहिला आणि संघाला ३०,००० डॉलर दंड झाला. नियम मोडला हे खरे, पण मान वळवली की पडदा दिसेल अशा जागी माणसाला बसवले होते, हेही तितकेच खरे. त्यामुळे पडदा खेळाडूंच्या पाठीशी आणि इतका वर असावा की मान वळवूनही तो वाचता येऊ नये. तुमच्या दालनात पडदा मागे आणि खेळाडू प्रेक्षकांकडे तोंड करून, हे आपोआप साधते. मात्र प्रोजेक्टरच्या खोलीची काच नेमकी खेळाडूंच्या समोर येते आणि अंधाऱ्या खोलीच्या काचेत उजळलेला पडदा प्रतिबिंबित होतो. एवढ्या लांबून त्यातले नाव-आकडे वाचता येणार नाहीत, पण पडद्यावरचा लाल-निळा बदलही जाणकार खेळाडूला पुरेसा असतो. ती काच प्रतिबिंब मंचाकडे येणार नाही अशा कोनात झुकवावी. बाल्कनीच्या कठड्याला किंवा मागच्या दाराबाहेरच्या खाद्यपदार्थांच्या गाळ्यावर टीव्ही लावताना दार उघडल्यावर तो मंचावरून दिसतो का, तेही तपासावे. हे सुचवायला कोणी येत नाही आणि उद्घाटनाच्या दिवशी लक्षात येते.

दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण परदेशी आराखडे उतरवून घेताना येथे हमखास फसगत होते. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. ई-स्पोर्ट्सचे प्रक्षेपण मात्र सेकंदाला ६० चित्रांनी चालते. अमेरिकेत आणि कोरियात वीजच ६० हर्ट्झची असल्यामुळे हा पेच उद्भवत नाही. आपल्याकडे ६० चित्रांच्या कॅमेऱ्यात स्वस्त दिवे तालात लुकलुकताना दिसतात. शटर एक शतांश सेकंदावर ठेवून ते लपवता येते, पण मग उजेड अधिक लागतो. मंचावरचे दिवे चांगले घेतले जातातच. चूक होते ती प्रेक्षकांवरच्या, जिन्यातल्या आणि लॉबीतल्या दिव्यांत. जल्लोष करणाऱ्या गर्दीचे दृश्य घ्यायला कॅमेरा वळला की मागचे छत लुकलुकू लागते. म्हणून इमारतीतील प्रत्येक दिव्याला ‘कॅमेऱ्यात न लुकलुकणारा’ हीच अट घालावी. पडद्याच्या एलईडी पट्ट्यांचेही तसेच आहे: ३,८४० हर्ट्झ किंवा त्याहून अधिक रिफ्रेश (सेकंदाला चित्र नव्याने उजळण्याचा वेग) असलेल्याच घ्याव्यात, नाहीतर कॅमेऱ्यात काळ्या रेघा फिरतात.

तिसरी घंटा

माझे आयुष्य नाट्यगृहांच्या रंगमंचामागे गेले, त्यामुळे मी खेळाविषयी बोलणार नाही, दालनाविषयी बोलेन. एप्रिल २०१९मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय या क्रीडा क्लबच्या घुमटाखाली ईएसएल वन मुंबई ही डोटा २ या संगणकावरील खेळाची स्पर्धा झाली, तेव्हा पुतण्याच्या आग्रहाखातर गेलो होतो. खेळ मला ओ की ठो कळला नाही, पण तेथे माझे लक्ष होते ते टांगलेल्या वजनांकडे.

तुमच्या आराखड्यात पहिला प्रश्न हाच आहे. १२ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच पडदा म्हणजे ६० चौरस मीटर. एलईडीच्या पट्ट्या चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास भरतात, म्हणजे नुसता पडदाच १,८०० किलो झाला. त्यावर ट्रस (टांगणीच्या जाळीदार तुळया), साखळीच्या मोटारी, ध्वनिक्षेपक, दिवे आणि तारांचे जुडगे. पत्र्याच्या छताच्या जुन्या कैच्या पत्रा, वारा आणि फार तर फॉल्स सीलिंग एवढ्याच हिशेबाने केलेल्या असतात. त्यांना हा भार टांगण्याचा विचारही संरचना अभियंत्याने गणित केल्याशिवाय करू नये. माझा सल्ला असा की पडदा जमिनीवरून उभ्या केलेल्या स्वतंत्र सांगाड्यावर उभारावा आणि छताला हातही लावू नये.

पडद्याचा आकार ठरवताना साधा हिशेब असा असतो की नुसते चित्र पाहायचे असेल तर शेवटचा प्रेक्षक पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत बसू शकतो, पण बारीक मजकूर वाचायचा असेल तर चौपटच धरावे. चित्रपट चित्रासाठी पाहिला जातो. ई-स्पोर्ट्समध्ये कोपऱ्यातला छोटा नकाशा आणि कोणी कोणाला बाद केले ती बारीक ओळ, यांवरच अर्धा सामना कळतो, असे पुतण्याने मला समजावले. मग ५ मीटर उंचीच्या पडद्याला चौपटीने २० मीटर मिळतात. तुमच्या शेवटच्या रांगा ३० मीटरवर आहेत. म्हणजे बाल्कनीखालच्या रांगा सोडून द्या, कारण तेथून बाल्कनीच्या तळामुळे पडद्याचा वरचा भागही कापला जातो. ती सगळी जागा भिंत घालून खेळाडूंच्या तयारीच्या खोल्या, समालोचकांचा कक्ष आणि यंत्रांची खोली यांना द्यावी. साडेचारशेच खुर्च्या हव्या असल्याने हा त्याग तुम्हाला परवडतो.

खुर्च्यांच्या उताराकडेही पाहावे. चित्रपटगृहाचा उतार उंच पडद्याकडे वर पाहण्यासाठी असतो, त्यामुळे तो मंद चालतो. आता खाली, मंचावर बसलेल्या माणसाचा चेहराही दिसायला हवा. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून किमान ६ सेंटिमीटर वरून जावी, ९ मिळाले तर उत्तम. यासाठी जुन्या उतारावर लाकडी पायऱ्या चढवाव्या लागतील. नाटकवाल्याच्या सवयीने मंच सव्वा मीटर उंच करू नका. पहिल्या सहा रांगांना संगणकांच्या पाठी तेवढ्या दिसतील. पाऊण मीटर पुरे.

एक गोष्ट मात्र नाट्यगृहाकडून घ्यावी: मालमोटार थेट मंचाच्या पातळीला लागली पाहिजे. आपल्याकडे कित्येक नाट्यगृहांत सेट जिन्यावरून वाहून न्यावा लागतो आणि त्यात अर्धी रात्र जाते.

चौथा गडी

मी स्वतः काही वर्षे स्पर्धांत खेळलो असून आता नोकरीनिमित्त जर्मनीत कोलोनजवळ राहतो. येथील लँक्सेस अरीनामध्ये २०१५पासून काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या संगणक-खेळाची मोठी स्पर्धा भरते. ते दालन आइस हॉकी आणि संगीताच्या कार्यक्रमांचे आहे. पोलंडमधील काटोविट्सेचे स्पोडेक, जेथे २०१३पासून ही परंपरा रुजली, ते तर १९७१ सालचे क्रीडागृह आहे. एवढ्या गाजलेल्या जागा मुळात ई-स्पोर्ट्ससाठी बांधलेल्याच नव्हत्या, हे तुमच्या प्रबंधात ठळकपणे यायला हवे. उलट फिलाडेल्फियात खास या खेळांसाठी ३,५०० आसनांचे ५ कोटी डॉलरचे प्रेक्षागृह २०१९ साली जाहीर झाले आणि ते उभे राहिलेच नाही. वर्षातून सामन्यांचे दिवस किती आणि रिकामे दिवस किती, हा प्रश्न तुम्हाला परीक्षक विचारणारच. म्हणून खुर्च्या दुमडून बाजूला सरकवता येतील असे पुढचे सपाट अंगण ठेवा, म्हणजे इतर दिवशी तेथे सराव केंद्र किंवा महाविद्यालयांच्या स्पर्धा भरवता येतील.

काचेच्या खोलीविषयी सांगतो. सिएटलच्या की अरीनात २०१४ ते २०१७ या काळात डोटा २ची ‘द इंटरनॅशनल’ ही जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन्ही संघ काचेच्या बंद खोल्यांत बसत. डोटासारख्या खेळात एक आरोळी सारा डाव उघड करू शकते, त्यामुळे ते योग्यच होते. पण काच आली की खेळाडू मत्स्यालयातल्या माशासारखा दिसतो, कॅमेऱ्याला चमक मिळते आणि आत वेगळी वातानुकूलन यंत्रणा लागते. उघड्या मंचावर बसवायचे तर कानात बसणारे इअरफोन खेळाच्या आवाजासाठी आणि त्यावर जाड हेडसेट, ज्यात सतत एकसुरी खरखर चालू असते, अशी पद्धत आहे. तिने शब्द अडतात. न अडणारी गोष्ट म्हणजे कंप. प्रेक्षक पाय आपटू लागले किंवा मंचाखाली मोठे सबवूफर (खर्जाचे ध्वनिक्षेपक) ठेवले की लाकडी मंच ढोलासारखा वाजतो आणि टेबलावरून मनगटाला सगळे कळते. माझ्या बाबतीत एकदा असे झाले होते की खेळातल्या भिंतीपलीकडे प्रतिस्पर्धी आहे हे मला टेबलाच्या थरथरीवरून समजले, कारण मी त्या बाजूला नेम वळवताच दालनाने श्वास रोखला आणि मग एकदम गर्जना केली. मंच इमारतीच्या फरशीपासून रबरी पट्ट्यांनी वेगळा करावा आणि सबवूफर मंचापासून दूर, प्रेक्षकांकडे तोंड करून बसवावेत. एवढे केले तर मी उघड्या मंचाच्या बाजूने आहे. चारशे माणसे तिकीट काढून येतात ती जिंकलेल्या खेळाडूला खुर्चीतून उसळताना पाहायला.

वातानुकूलनाचा झोत मंचावर सरळ सोडू नका. बोटे गार पडली की नेम चुकतो. म्हणूनच खेळाडू हात गरम करणाऱ्या पिशव्या घेऊन बसलेले दिसतात.

आणखी एक. तुम्ही पाच विरुद्ध पाच असेच गृहीत धरलेले दिसते. भारतात सर्वाधिक गर्दी बीजीएमआय या मोबाईलवरील खेळाला होते आणि त्यात एका सामन्यात १६ संघांचे ६४ खेळाडू एकाच वेळी मंचावर असतात. तुमच्या ४ मीटरच्या चौथऱ्यावर हे मावणार नाही.

काटकोन

सर्वांचे मनापासून आभार. ६४ खेळाडूंचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, म्हणून काल रात्री मापे पुन्हा मांडली. पाच-पाचच्या सामन्यासाठी माणशी १ मीटर टेबल धरले तर दोन्ही संघांचे १० आणि मध्ये २ मीटर मोकळी जागा मिळून १२ मीटर लागतात; १८ मीटरच्या रुंदीत ते सहज बसते. बीजीएमआयसाठी माणशी ७० सेंटिमीटर धरले तरी ६४ जणांची एकूण लांबी सुमारे ४५ मीटर होते. म्हणून साधारण साडेपंधरा मीटरच्या तीन पायऱ्या, प्रत्येकी सव्वादोन मीटर खोलीच्या, असा मंच सुचतो. त्यासाठी चौथरा जवळपास ७ मीटरपर्यंत पुढे आणावा लागेल आणि पुढच्या काही रांगा जातील. चौथा गडी यांनी सुचवलेल्या सपाट अंगणातच मंचाचा हा पुढचा भाग सुटा ठेवला तर दोन्ही साधेल. मात्र मागच्या पायरीवर बसलेला खेळाडू पुढच्याच्या फोनच्या पडद्यात डोकावणार नाही का?

शिवाय प्रेक्षकांच्या हातातील फोनचे काय करावे? विजेचा आणि इंटरनेटच्या जाळ्याचा अंदाजही हवा आहे.

प्रकाशझोत

डोकावण्याची शंका रास्त आहे. एका संघाच्या चौघांचा गट करून गटांमध्ये डोळ्यांच्या उंचीपर्यंत आडोसा ठेवावा, आणि पायऱ्यांमधील चढ कमी ठेवून पुढच्या रांगेच्या पाठीलाही तसाच आडोसा लावावा. कॅमेरे समोरून असल्याने हे आडोसे त्यांच्या आड येत नाहीत. उलट त्यांवर संघांची चिन्हे झळकवता येतात. ६४ फोन एकाच मंचावर वायफायने जोडले आणि समोर साडेचारशे प्रेक्षकांचे फोन असले तर लहरींची जत्रा भरते, म्हणून खेळाडूंच्या फोनना तारेने जोडणी आणि त्याच तारेतून चार्जिंग, ही सोय टेबलाखालीच करून ठेवावी.

प्रेक्षकांचे फोन हिरावून घेता येत नाहीत, आणि घेऊही नयेत. त्यावरचा उपाय म्हणजे घरी जाणारे प्रक्षेपण काही मिनिटे मुद्दाम उशिरा सोडणे, म्हणजे बाहेरून कोणी पाहून आत कळवले तरी ती बातमी शिळी असते. पण दालनातला पडदा उशिराने चालवता येत नाही, कारण खेळाडू जिंकून उभा राहिला आणि पडद्यावर सामना अजून चालूच आहे, असे होईल. म्हणून नियंत्रण कक्षातून दोन स्वतंत्र प्रवाह निघतात, एक दालनासाठी ताजा आणि एक घरच्यांसाठी शिळा, आणि समालोचकांना ताजाच दाखवावा लागतो. प्रोजेक्टरची खोली या कामाला अपुरी पडेल. तेथे दिवे आणि ध्वनी हाताळणारे बसवा, कारण त्यांना दालन डोळ्यांनी दिसावे लागते. चित्र निवडणारे, खेळाच्या आत फिरून दृश्ये टिपणारे निरीक्षक आणि पुनर्दृश्ये काढणारे असे १२ ते १५ जण बाल्कनीखालच्या बंद खोलीत बसू शकतात. त्यांना खिडकीची गरज नाही.

ध्वनीविषयी एक बारकावा राहिला. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे २० मीटरवरच्या रांगेला तो ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. पडद्याची यंत्रणा चित्रही दोन-तीन फ्रेम उशिरा दाखवते, म्हणून मागे साधारण जुळून येते आणि पुढे बसलेल्यांना मात्र गोळीचा आवाज आधी आणि ठिणगी नंतर, असा अनुभव येतो. पुढच्या रांगांच्या ध्वनिक्षेपकांना तेवढा विलंब द्यावा.

विजेत खेळाडूंचे संगणक फारसे मोठे गिऱ्हाईक नाहीत. १० आणि २ राखीव मिळून १२ संगणक, ६०० वॅटने ७ किलोवॅटच्या आसपास. साडेचारशे माणसेच मुळी प्रत्येकी सव्वाशे वॅटच्या आसपास उष्णता सोडतात; म्हणजे ५० किलोवॅटहून अधिक, आणि नुसत्या माणसांसाठी साधारण १६ टन वातानुकूलन. पडदा, दिवे आणि बाहेरची ताजी हवा धरून त्याच्या दुपटीच्या आसपास जाल. जनरेटर चालू होईपर्यंत जे काही सेकंद जातात तेवढ्यात सामना मरतो. त्यामुळे संगणक, सर्व्हर, नेटवर्कचे स्विच आणि नियंत्रण कक्ष यूपीएसवर असावेत; वातानुकूलन नसले तरी चालते. २०१२च्या ज्या स्पर्धेचा उल्लेख वर केला, तिच्यातच इंटरनेट जोडणी वारंवार तुटल्याने एक सामना तासन्‌तास रखडला आणि अखेर काही दिवसांनी दुसऱ्या जागी पूर्ण करावा लागला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्याव्यात आणि त्या इमारतीत दोन वेगळ्या बाजूंनी आणाव्यात. एकाच चरातून आणलेल्या दोन तारा रस्ता खोदणाऱ्याच्या एकाच फावड्याने तुटतात.

तिसरी घंटा

सगळे बोलले, पण दारांविषयी कोणी बोलले नाही. मे २०२४मध्ये राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागून २७ जणांचा बळी गेला. ती पत्र्याची तात्पुरती रचना होती. तुमच्या आराखड्यात काळे पडदे, फोमचे ध्वनिशोषक तक्ते, रबर, लाकडी पायऱ्या आणि तारांचे भारे आहेत, दालन अंधारे आहे आणि मंच ७ मीटर पुढे आला आहे. जुन्या चित्रपटगृहात पडद्याच्या दोन्ही बाजूंना थेट बाहेर उघडणारी दारे असतात. ती दारे वाढवलेल्या मंचामागे झाकली जाणार नाहीत, हे सर्वांत आधी नकाशावर तपासा. झाकली जात असतील तर मंच मध्ये अरुंद करा आणि दोन्ही कडांना वाट सोडा. बाल्कनीखाली भिंत घालताना मागच्या दारांपर्यंतचे बोळही तसेच रुंद राहिले पाहिजेत, आणि तारा फरशीवरून नेण्याऐवजी झाकणाच्या चरांतून न्याव्यात. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेलच. प्रबंध असला तरी त्या नकाशाचा एक स्वतंत्र तक्ता जोडा.

आणि त्या कैच्या स्वतः वर चढून पाहा. कोनपट्टीचे माप, सांधे रिव्हेटचे आहेत की बोल्टचे, गंज किती आणि पत्रा सिमेंटचा आहे की लोखंडी, एवढे लिहून इथेच टाका. सिमेंटचा जुना पत्रा निघाला तर त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तो हाताने फोडू नका.